एका नळीतले दोघे

गादीवाल्यांनी आयुष्यभर लोकांच्या बुडाखालची सोय पाहिली. सोफा फाटला, खुर्ची खचली, की लोक ती त्यांच्या दुकानात आणून टाकत आणि ते स्प्रिंगा, फोम, नवं कापड घालून ती पुन्हा पाहुण्यांपुढे मिरवायच्या लायकीची करत. घरातली त्यांची स्वतःची खुर्ची मात्र अठरा वर्षं फाटकीच होती. बायकोने सांगून सांगून हात टेकले होते. "माझ्या मापाची झालीय ती," एवढंच ते म्हणत.

खुर्चीसमोर चार फुटी काचेची टाकी आणि टाकीत काळ्या. काळ्या म्हणजे बिचिर जातीचा मासा. दिसायला मासा कमी आणि साप जास्त. हातभर लांब, पाठीवर करवतीच्या दात्यांसारखी परांची रांग, आणि मधूनच वर येऊन हवेचा घोट घ्यायची खोड. आठ वर्षं तो एका मातीच्या नळीत एकटा राहत होता. गादीवाले संध्याकाळी येऊन खुर्चीत बसले की तो नळीतून तोंड बाहेर काढी. दोघांचं बरं चाललं होतं.

मग दादा आले. दादा म्हणजे मोठा भाऊ, लिफ्ट दुरुस्तीतून निवृत्त झालेला. वहिनी गेल्या, गुडघ्यांनी दगा दिला, घर एकट्याला खायला उठलं. एका हातात बॅग, दुसऱ्या हातात झाकणाची बादली. बादलीत पट्ट्या, तोही बिचिरच. दोघा भावांना हे वेड लहानपणापासूनचं. वडील लवकर गेले तेव्हा दादाने शाळा सोडून धाकट्याला वाढवलं होतं. त्याला नाही म्हणायची गादीवाल्यांची छातीच नव्हती, आणि खरं सांगायचं तर इच्छाही नव्हती. दादा कायमचा राहावा, असंच त्यांना मनापासून वाटत होतं. फक्त दादा आत आले ते थेट त्या खुर्चीत जाऊन बसले.

"वा! काय खुर्ची आहे रे!"

गादीवाले स्टुलावर बसले.

इकडे टाकीत पट्ट्या नळीत शिरायला गेला आणि काळ्याने त्याच्या शेपटीचा लचका तोडला. आठवड्याभरात पट्ट्याने परतफेड केली. मग रोजचंच झालं.

"तुझा मासा माजलाय," दादा म्हणत.

"माझा? आठ वर्षांत त्याने गोगलगाईला दुखावलं नाही. तुझाच भांडकुदळ."

पंचावन्न आणि चौसष्ट वयाची ही माणसं! खुर्चीबद्दल मात्र दोघं चकार शब्द काढत नव्हते.

गादीवाल्यांनी दुसरी नळी आणली. काळ्या दोन्ही नळ्यांचा मालक झाला. मग कुणाचाच कोपरा ठरलेला राहू नये म्हणून टाकीतले सगळे दगड हलवले. दोन दिवस शांतता, तिसऱ्या दिवशी पुन्हा रक्त. याच दरम्यान त्यांनी दादासाठी उत्तम मखमलीची नवी खुर्चीही बनवून आणली. दादा तिच्यात दोन मिनिटं बसले.

"छान आहे. पाहुण्यांना ठेव."

शेवटी एक दिवस टेबलावर वृद्धाश्रमाचा फॉर्म दिसला. "सोमवारी देऊन येतो," दादा टाकीकडे बघत म्हणाले. "पट्ट्यालाच जिथे जागा नाही, तिथे मी तरी कशाला अडचण करू?"

गादीवाल्यांना 'जाऊ नकोस' म्हणायचं होतं. पण बोलले काय, तर "बघ, तुला पटेल तसं."

शनिवारी, दादाशी बोलायचंच असं ठरवून, ते भरदुपारी दुकानातून घरी आले. कात्री विसरली, असं सांगायचं ठरवलं होतं, आणि कात्री खिशातच होती. बघतात तर दादा बाही वर करून टाकीपाशी उभे, चिमट्यात कोळंबीचा तुकडा. पण ते भरवत होते पट्ट्याला नव्हे, काळ्याला.

"दादा, अरे हे काय?"

दादा लहान पोरासारखे ओशाळले. "भुकेला म्हणून चावतो, असं वाटलं. पोट भरलेलं असलं की शांत राहील. मग मलाही इथून जायला लागणार नाही."

"कधीपासून घालतोयस?"

"पहिल्या आठवड्यापासून."

गादीवाले मटकन स्टुलावर बसले. "मी पट्ट्याला घालतोय. रोज सकाळी, तू फिरायला गेलास की. म्हटलं, अंगात ताकद आली की टिकाव धरेल."

दारात गादीवाल्यांची बायको उभी होती, हातात फ्रीजमधला कोळंबीचा रिकामा डबा. "म्हणजे हे तुम्ही दोघं? आणि मी महिनाभर शेजारच्या मांजरीच्या नावाने खडे फोडतेय!"

एवढ्यात सगळ्यांच्या डोळ्यांदेखत पट्ट्या दगडामागून सरसरत आला आणि त्याने थेट काळ्याचं तोंड धरलं. बायकोने माशांच्या दुकानदाराला फोन लावला आणि स्पीकर चालू केला. सगळं ऐकून तो हसतच सुटला.

"अहो, हे मासे अर्धे आंधळे. सगळा कारभार नाकावर. एकाच्या तोंडाला कोळंबीचा वास लागला की दुसरा ते तोंडच खायला धावतो."

"मग भांडण जागेचं नव्हतंच?" गादीवाल्यांनी विचारलं.

"थोडं जागेचं असतंच हो. बाकी सगळं तुमच्या लाडाचं. दोघांना एकाच वेळी, दोन टोकांना घाला."

सोमवारी दादांचा गुडघा दुखत होता, म्हणून फॉर्म राहिला. पुढच्या सोमवारी पाऊस होता. खाऊ घालायचं काम बायकोने स्वतःकडे घेतलं आणि डब्याला चक्क कुलूप लावलं. महिन्याभरात दोन्ही माशांचे तुटके पर पुन्हा फुटले आणि एके दिवशी दोघे एकाच नळीत पडलेले दिसले, एकाचं तोंड इकडे, दुसऱ्याचं तिकडे. नवी नळी रिकामी. मखमली खुर्चीवर इस्त्रीचे कपडे. आणि फाटक्या खुर्चीसाठी गादीवाले हल्ली दुकान अर्धा तास आधी बंद करू लागले होते. तरी त्या दिवशी दादाच त्यांच्या आधी बसलेले.

"दादा, तो फॉर्म फाडू का?" गादीवाल्यांनी उभ्या उभ्याच विचारलं.

"वाचला मी तो. तिथे म्हणे प्रत्येकाला स्वतंत्र खुर्ची देतात."

"मग?"

"मग तिथे मला ऊठ म्हणायला कोण आहे?"

गादीवाल्यांनी फॉर्मचे चार तुकडे केले, डोळे पुसले आणि म्हणाले, "ऊठ."

दादा जागचे हलले नाहीत.