एकेचाळीस घरं आणि झोइलाचा चमचा

दुधाची रिकामी पिशवी धुवून तारेवर वाळत घालायची, हे आमच्या गिरणी गल्लीला झोइला किश्पेनं शिकवलं. पालिकेनं शिकवलं असतं तर आम्ही हसण्यावारी नेलं असतं.

गुरुवारी सकाळी सातला ती भंगार न्यायला यायची; ते विकून तिचं पोट चाले. तीनचाकी सायकल, पुढच्या पाटीत पोती, अंगात जाडजूड लाल घागरा, डोक्यावर गवताची हॅट. हाळी द्यायची नाही. काचेच्या बाटलीवर चमच्यानं तीन ठोके. कचऱ्याची मोटार गाणं वाजवत येते, तेव्हा लोक दारातूनच पिशव्या भिरकावतात आणि आत वळतात. झोइलाच्या ठोक्याला मात्र माणसाला दारात येऊन उभं राहावं लागे. कारण ती पिशवी नुसती घ्यायची नाही, उघडायची. तिथंच, उंबऱ्यावर, तुमच्या डोळ्यांदेखत.

माझं बूट-चपला दुरुस्तीचं दुकान गल्लीच्या तोंडाशी. आमच्याकडं कारागिराला माएस्त्रो म्हणतात. पहिल्यांदा तिनं माझी पिशवी उघडली आणि एक तेलकट बाटली दोन बोटांत धरून वर केली. म्हणाली, "माएस्त्रो, लोकांच्या बुटाला आरशावानी पालिश करता, आन् सोताची बाटली अशी?" बूट न्यायला आलेली तीन माणसं फिदीफिदी हसली. त्या दिवसापासून मी बाटल्या धुवायला लागलो. गल्लीतली निम्मी माणसं अशीच सुधारली, उपदेशानं नव्हे, लाजेनं.

दोन्या तार्खेलिया, म्हणजे तार्खेलियाबाई, ही आमच्या गल्लीच्या मंडळाची अध्यक्षीण. तिच्याशी तर झोइलाचं वर्षभर वाजलं. तार्खेलिया अंड्याची टरफलं पुठ्ठ्यात गुंडाळून द्यायची आणि झोइला ती पुठ्ठ्यासकट परत करायची. "कोंबडीला द्या म्हनावं, तिची हायेत." पण भांडता भांडताच दोघींचं जमलं. झोइलाला मुलगी झाली, नुबे, तेव्हा बाप्तिस्म्याला पोर हातात धरून तार्खेलियाच उभी राहिली. आमच्याकडं हे नातं रक्ताच्या नात्याहून चिवट. तेव्हापासून दोघी एकमेकींना कोमाद्रे म्हणायला लागल्या. भांडण थांबलं नाही, फक्त त्याला नातं मिळालं.

बावीस वर्षं हे चाललं. डबे ठोकून सपाट, बाटल्यांची लेबलं काढलेली, वह्यांच्या तारा उपसलेल्या. भाज्यांची सालं वेगळ्या बादलीत, ती तिच्या घरच्या कुईंना. सणाला भाजायला चुलीमागं पाळतात ती सशाहून लहान जनावरं आमच्याच सालांवर गुबगुबीत व्हायची. परसात तारेवर चड्ड्या-बनियनांच्या शेजारी दुधाच्या पिशव्या लटकत. मोटार गाणं वाजवत यायची आणि आमच्या गल्लीतून जवळजवळ रिकामीच पुढं जायची.

मग पालिकेची योजना आली. शहरातली एक गल्ली नमुन्याची म्हणून निवडायची, तिथं नवी सेवा सुरू करायची. तार्खेलियानं मंडळाच्या बैठकीत कागद वाचून दाखवला. त्यात होतं, निवडलेल्या गल्लीला पालिका 'आवश्यकतेनुसार' आपला माणूस नेमेल. झोइलानं ते ऐकलं आणि तिच्या डोक्यात एकच गोष्ट बसली. ती तेव्हा अठ्ठावन्नची. गुडघे गेलेले. चढावर सायकल ढकलताना वाटेत दोनदा थांबून छाती धरायची. नेमणूक झाली तर गणवेश, दवाखान्याचं कार्ड, आणि सायकल ढकलायला जोडीला कुणीतरी. या गल्लीला तिच्याशिवाय दुसरा माणूस कोण नेमणार? आम्हालाही तसंच वाटलं.

घरोघरी फॉर्म आले. त्यात प्रश्न होता, तुमच्या घरातला कचरा वेगळा कोण करतं? मी लिहायला बसलो तेवढ्यात झोइला दारात. बुधवारची संध्याकाळ होती. ती प्रत्येक घर घेत आली होती.

"माजं नाव घालू नका, माएस्त्रो. लिवा, आमी सोताच करतो."

मी म्हटलं, असं कसं, शिकवलंस तर तू.

"माजं नाव घातलं तर म्हनतील, गल्ली आळशी हाय, म्हातारीवर भागवते. मग निवडतील का? पोराला गनित आलं म्हंजे बाईनं शिकिवलं, ह्ये काय कुनी सांगावं लागतं?"

मला ते पटलं. सगळ्यांना पटलं. आमच्याकडं कचेरीसमोर स्वतःची बढाई मारणं वाईट दिसतं. काम पाहून ओळखतात, अशीच समजूत. एकेचाळीस घरांनी एकच वाक्य लिहिलं. आम्ही स्वतःच करतो, पहिल्यापासून.

तपासणीला एक तरुण इंजिनीयर बाई आली. झोइला कोपऱ्यावर उभी होती, हॅट धुतलेली, कानात लग्नातले डूल. इंजिनीयर बाईनं एकेक पिशवी उघडली आणि तिचा चेहरा फुलत गेला. असं तिनं शहरात कुठंच पाहिलं नव्हतं म्हणे. मग तिनं तार्खेलियाला विचारलं, हे न्यायला कुणी येतं का? तार्खेलियानं कोपऱ्याकडं पाहिलं. झोइलानं मान हलवली, हलकेच, नाही म्हणून.

"आमचं आम्हीच बघतो, बाई," तार्खेलिया म्हणाली.

फोटो काढायचा ठरला. गल्ली सगळी दारात उभी राहिली. इंजिनीयर बाईनं झोइलाला नम्रपणे सायकल बाजूला घ्यायला सांगितलं, फोटोत येत होती. झोइलानं ती आनंदानं वळणापलीकडं नेली.

आम्ही निवडले गेलो. दोन महिन्यांनी गल्लीच्या मध्यावर दोन निळ्या पेट्या बसल्या, माणसाच्या छातीएवढ्या उंच. घराघराला एकेक कार्ड. ते लावलं की हात जाईल एवढी फट उघडते. माणूस नेमला नाही. पत्रात लिहिलं होतं, ही गल्ली आपलं आपण करते, तिला माणसाची आवश्यकता नाही. आणि खाली बारीक अक्षरात, पेटीबाहेर कुणालाही वस्तू देणाऱ्या घराला दंड.

तार्खेलिया ठेवणीतला कोट घालून कचेरीत गेली. खरं काय ते सगळं सांगितलं. तिथल्या माणसानं शांतपणे एकेचाळीस फॉर्म पुढ्यात ठेवले आणि विचारलं, खोटं तेव्हा लिहिलंत की आता बोलताय? फॉर्म खोटे असतील तर तसं सगळ्यांनी सह्यांनिशी लिहून द्या. गल्लीचं नाव रद्द होईल आणि प्रत्येक घराची चौकशी होईल.

ती परतली ती सरळ माझ्या दुकानात, कारण झोइला तिथं बुटाची टाच लावून घेत बसली होती. तार्खेलिया उभ्याउभ्याच म्हणाली, "कोमाद्रे, मी सगळ्यांच्या सह्या घेते. खोटं लिहिलं म्हणून देते."

"नगं."

"अगं, तू काय खाशील?"

"एकेचाळीस घरं लबाड ठरवून मी जेवू व्हय?" झोइला बुटात पाय घालत म्हणाली. "आन् मीच सांगितलं हुतं लिवायला. तुमी काय सोताच्या मनानं लिवलं?"

तार्खेलियानं माझ्याकडं पाहिलं. मी खिळे मोजत बसलो. मला बोलता आलं असतं. माझी सही पहिली घ्या, एवढं म्हणता आलं असतं. पुढंही गल्लीतलं कुणीच ते म्हणालं नाही, आणि झोइलानं आम्हाला त्यातून सोडवलं, हे आम्हाला बरंच वाटलं, हे आता कबूल करायला हरकत नाही.

काही गुरुवार ती तरीही आली. बाटलीवर ठोके न देता. कुणी मागच्या दारानं पिशवी द्यायचं. मग कोपऱ्यावरच्या घराला दंडाची नोटीस आली आणि मागची दारंही बंद झाली. तिनं सायकल विकली. आता ती मंडईत मक्याचे दाणे राखेच्या पाण्यात चोळून सोलते. दिवसभर हात पाण्यात, बोटांच्या पेरांना भेगा.

पेट्यांचं म्हणाल तर पहिला महिना आम्ही धुतलं. दुसऱ्या महिन्यात थोडं. पेटी काही पिशवी उघडून बघत नाही. एका सकाळी मी तेलाची बाटली तशीच फटीतून आत टाकली. खाली पडल्याचा आवाज आला, बाकी काही झालं नाही. पेट्या नेणारा ड्रायव्हर माझ्याकडं बूट शिवून घ्यायला येतो. तो म्हणाला, तुमच्या गल्लीचा माल एवढा घाण असतो की वेगळा करणारे हात लावत नाहीत, सगळा डोंगरामागच्या खड्ड्यात ओततो. कचेरीतल्या भिंतीवर मात्र आमचा फोटो आहे. त्यात सगळे आहेत.

नोव्हेंबरात, मेलेल्यांची आठवण काढायच्या सणाला, झोइला कोमाद्रेकडं आली. तो दिवस नेमका गुरुवारी आला होता. रिवाजाप्रमाणं बाहुलीच्या आकाराचे पाव आणले होते. मी तार्खेलियाच्या परसात जांभळी खीर पीत बसलो होतो. बोलताबोलता झोइलाचा हात कोपऱ्यातल्या पिशवीकडं गेला, सवयीनं. तिनं ती मांडीवर ओढून उघडली. हाडं, रश्श्यात भिजलेला कागद, आंबलेली दुधाची पिशवी. वास सुटला.

आम्ही वाट पाहिली. ती टोमणा मारील, आम्ही खाली मान घालू, मग सगळे हसू.

तिनं मात्र दुधाची पिशवी उचलली, नळाखाली धरली, उलटी केली, पुन्हा धुतली. भेगाळलेली बोटं आतपर्यंत घातली. मग तारेवर चिमट्यानं अडकवली. तारेवर दुसरी पिशवी नव्हती.

तार्खेलिया हळूच म्हणाली, "कोमाद्रे, न्यायला कोण येणार आता?"

"वाळू तर द्या," झोइला म्हणाली. हात घागऱ्याला पुसून तिनं पोरीचा, नुबेचा, नमस्कार सांगितला आणि अंधार पडायच्या आत निघाली.

ती पिशवी तीनेक आठवडे तारेवर होती. पावसात भिजली, पुन्हा वाळली. मग एक दिवस तार रिकामी दिसली. कुणी काढली, ते मी तार्खेलियाला विचारलं नाही.