रिकामं चालणारं मशीन

युरोपातले कारखाने मागे का पडताहेत, हे ऐकायला ब्रसेल्सहून पाहुणे आयर्लंडमधल्या आमच्या कासलबारच्या कारखान्यात येणार होते. आम्ही हृदयाच्या शस्त्रक्रियेसाठी लागणाऱ्या बारीक नळ्या बनवतो. नवी उत्पादन लाइन इथे टाकायची की युरोपबाहेर न्यायची, हे लोंबकळत होतं. ती गेली की जुनीही मागोमाग जाणार आणि आम्ही सगळे घरी बसणार, हे प्रत्येकाला कळत होतं. मॅनेजर बाईंनी पाहुण्यांशी बोलायला मला निवडलं. चहाच्या सुट्टीत विजेचं बिल आणि रखडलेल्या परवानग्या यांवर माझ्याइतकी कुरकुर दुसरं कुणी करत नाही.

पण मी महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या शाळेत शिकलेला, घरातला पहिला पदवीधर. तपासणीला साहेब येणार म्हटलं की आमच्या प्रयोगशाळेतल्या रिकाम्या बाटल्यांत निळीचं पाणी भरलं जाई. संस्कार पक्के. मी लग्नातला सूट घातला, नव्या नळीचं मशीन पुसून लख्ख केलं आणि नुसतंच चालू करून ठेवलं.

"काही अडचणी?" पाहुण्यांतल्या प्रमुख बाईंनी विचारलं.

"नाही मॅडम. सगळं ग्रँड, एकदम झकास."

मॅनेजर बाई माझ्याकडे बघतच राहिल्या. "वर्षभर आमचं डोकं खातो हा. आणि आज ग्रँड?"

पाहुण्या बाई मशीनवर वाकल्या. "यातून काहीच बाहेर येत नाहीये."

"नाही येत."

"मग चालू कशाला?"

"तुम्ही येणार म्हणून," मी बोलून गेलो.

सगळे खो-खो हसले. एवढी शोभा झाल्यावर भीड कसली? नळी तयार आहे, पण परवानगीअभावी विकता येत नाही, मशीन कित्येक महिने बंद आहे, म्हणूनच नवी लाइन बाहेर न्यायची भाषा चाललीय, असं मी सांगत सुटलो. विजेच्या बिलावर आलो तेव्हा मॅनेजर बाईंनीच मला आवरलं.

परवानगी अजून आलेली नाही. पण लाइनचा निर्णय मुख्य कार्यालयाने पुढे ढकललाय, आणि पाहुणे परत येणार आहेत. मॅनेजर बाईंनी मला आत्ताच बजावलंय : सूट नको, आणि मशीनला हात लावायचा नाही.

मशीनला नाही लावणार. सूटचं मात्र अजून मनाशी ठरत नाही.