लुंबिनीचं आटलेलं दूध

लुंबिनी आमच्या वरच्या मजल्यावर राहते. तिची मुलगी मैत्री अडीच वर्षांची झाली तरी अंगावर पीत होती, आणि लुंबिनीला ऑफिस गाठायचं असायचं. शेवटी तिची आई, रमाबाई, नागपूरहून फरीदाबादला आल्या. त्यांनी कडुलिंबाचा पाला वाटून लेकीच्या छातीला लावला. दोनदा तोंड वाकडं करून मैत्रीने नाद सोडला. रमाबाईंचे उपाय कधी फसत नाहीत, हीच तर पंचाईत.

महिनाभराने लुंबिनीची धाकटी बहीण श्रावस्ती बाळंतपणात गेली. मागे राहिली दिवस न भरलेली मूठभर मुलगी, हॉस्पिटलच्या काचेच्या पेटीत. डब्याच्या दुधाने तिचं पोट फुगायचं. इतर आयांनी दान केलेलं दूधपेढीतलं दूधही संपलेलं. लुंबिनी डॉक्टरीणबाईंना म्हणाली, माझं काढून घ्या. पंप लावला, पण थेंबसुद्धा आला नाही.

डॉक्टरीणबाईंनी तिला समजावलं. दूध नुसतं साचून राहिलं की ते बनवणाऱ्या पेशी आपणहून मरू लागतात. शेजारच्याच पेशी त्यांना गिळून जागा साफ करतात, आणि तिथे चरबी भरते. अगदी सुरुवातीला ही मोडतोड थांबवता येते, पण ती वेळ केव्हाच गेली होती. नव्या पेशी वाढू शकतात, मात्र त्यासाठी कुणीतरी जोर लावून, सारखं ओढायला हवं. पेटीतल्या बाळात तेवढा जोर नव्हता. हे ऐकून मला तर संतापच आला. भाड्याची खोलीसुद्धा कुणी इतक्या घाईने रिकामी करून घेत नाही.

लुंबिनी घरी आली, साबणाने छाती घासघासून धुतली आणि मैत्रीला जवळ ओढलं. मैत्री मागे सरली. कडू आहे, म्हणाली. लुंबिनीने तिच्यादेखत छातीवरून बोट फिरवून चाटून दाखवलं. आजवर नातीला धाक घालणाऱ्या रमाबाई आता तिच्या हातापाया पडत होत्या. माझ्याच्याने बघवेना. अखेर औषध घेताना मिटते तसे डोळे मिटून मैत्रीने तोंड लावलं. थोडा वेळ ओढलं आणि मान वर केली.

"मम्मी, खाली है."

लुंबिनीने तिचं डोकं पुन्हा छातीशी धरलं.

"माहितीये, बेटा. तरी ओढ. श्रावस्तीमावशीच्या बाळाला भूक लागलीय."