उसनी खुरपी

मयूर विहारच्या आमच्या सोसायटीत तळमजल्यावर राहणाऱ्या काकू आमच्याशी मराठीत बोलतात आणि झाडांशी हिंदीत. "चलो, बहुत हो गया नखरा," असं त्या गुलाबाला दटावत असतात. माती उकरायला त्यांच्याकडे दांडा मोडलेलं एक उलथनं आहे. त्याने तळहात सोलवटतात, तरी त्या ते सोडत नाहीत.

म्हणून या संक्रांतीला हळदीकुंकवाचं वाण निवडताना मी सगळ्यांसाठीच खुरपी घेतली. बाकीच्या बायका हसल्या असत्या तरी चालणार होतं. काका गेल्यानंतरची काकूंची ही पहिलीच संक्रांत. आदल्या दिवशी मी त्यांना बोलवायला गेले.

"अच्छा," त्या म्हणाल्या. कशालाही त्या आधी अच्छाच म्हणतात. "पण मी नाही गं येत. माझ्यापाशी आल्या की बायका करंडा हातात धरून अडतात. त्यांचीच कीव येते मला."

"मग वाण तरी घ्या."

"वाण नको. उसनी दे. काम झालं की परत करीन."

कागदात गुंडाळून दोऱ्याने बांधलेली खुरपी मी त्यांच्या हातात ठेवली.

रथसप्तमी झाली, सगळ्यांची हळदीकुंकवं संपली, तशा काकू जिना चढून वर आल्या.

"छान चालली हं," म्हणत त्यांनी खुरपी परत दिली आणि लगेच खाली उतरल्या.

दोऱ्याला मी मारलेली गाठ तशीच होती.