डाव्या हाताचं बटण

रविवार, ११ मार्च. थंडी संपली म्हणून स्वेटर आणि शाली उन्हात टाकून, डांबराच्या गोळ्या घालून लोखंडी कपाटाच्या खालच्या कप्प्यात ठेवायच्या होत्या. दरवर्षी हे काम शोभा आणि मी मिळून करायचो. यंदा एकटीनं करायला घेतलं. कप्पा रिकामा करताना माझ्याच जुन्या शालीत गुंडाळलेला टीव्हीवरच्या खेळाचा कंट्रोलर हाताला लागला. तो मीच तिथे लपवला होता, जानेवारीच्या शेवटच्या सोमवारी. त्याच आठवड्यात, शुक्रवारी, शोभा गेली.

शोभा माझी धाकटी नणंद. वय चव्वेचाळीस. लग्न केलं नाही. कुणी कारण विचारलं तर "सवडच नाई भेटली" म्हणायची आणि विषय तिथेच संपायचा. अकोल्याला शेतीची पदविका घेऊन ती कृषी सहायक झाली, आणि गेली अकरा वर्षं अमरावतीला आमच्याकडे राहून भातकुली तालुक्यातली गावं स्कूटीवर फिरत होती. माझं बडनेरा रोडला औषधांचं दुकान आहे, वीस वर्षांपासून. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे त्याचा संबंध येतो.

आमचा सुमेध पुण्याला शिकायला गेला तेव्हा टीव्हीला जोडायचं खेळाचं यंत्र इथेच ठेवून गेला. त्यात एक मारामारीचा खेळ होता. कार्टूनमुळे पोरांच्या तोंडी झालेले प्राणी आणि दुसऱ्याच कुठल्या खेळातले पैलवान प्राणी, असे सगळे एका आखाड्यात आणून एकमेकांशी लढवायचे. शोभा पहिल्यांदा पाहून म्हणाली, "हे तं अकोल्याची जनावरं अन् अमरावतीची जनावरं एकाच बाजारात उतरवल्यासारखं झालं." सुमेध लहान असताना चिप्सच्या पुड्यात असल्याच प्राण्यांच्या चकत्या निघायच्या, आणि त्याच्यासाठी त्या जमवायला ही आत्याच दुकानं पालथी घालायची. त्यामुळे तिला ही मंडळी नवी नव्हती. प्रत्येकाला तिनं आपलं नाव दिलं. स्वतः मात्र नेहमी एकच घ्यायची... पाठीवर कवच असलेला, बुटका, जाडा, कुणी न निवडणारा एक प्राणी. त्याचं नाव ढोल्या.

संध्याकाळी सात ते आठ आम्ही दोघी खेळायचो. मी सगळी बटणं एकदम दाबायचे. "वहिनी, तुमी लढून राह्यल्या का मेथी निवडून राह्यल्या?" असं म्हणत ती शांत बसायची. तिची लढायची रीत वेगळी होती. डाव्या हाताच्या पहिल्या बोटाखाली एक बटण असतं, ते दाबून धरलं की प्राणी ढाल धरल्यासारखा अंग चोरून मार अडवतो. शोभा ते बटण दाबून धरायची आणि समोरचा दमेपर्यंत सोडायचीच नाही. मग शेवटच्या काही सेकंदांत ढोल्या दोन फटके मारायचा आणि जिंकायचा. हातावर शिरा उभ्या राहायच्या तिच्या.

गेल्या हंगामात कपाशीवर गुलाबी बोंडअळी आली. पंचनामे सुरू झाले आणि शोभाचं घरी येणं सातवरून साडेसातवर, कधी आठवर गेलं. स्कूटीच्या डिकीत किडकी बोंडं असायची. लोक तिच्या हातात कोंबत होते, "मॅडम, फोडून पाहा ना तुमीच." ती फोडून पाहायची आणि लिहायची. शिव्या तिलाच पडत, कारण सरकार म्हणून बांधावर ती एकटीच उभी असे. एका गावात एक बाई काही न बोलता सगळं शेत तिच्यासोबत चालली आणि शेवटी म्हणाली, "लिहून झालं असन तं पाणी पिऊन जा." त्या दिवशी शोभा घरी आल्यावर बराच वेळ हात धूत होती. मग कंट्रोलर घेऊन बसली. लढत संपली की त्या खेळात हरलेला प्राणीही उठून उभा राहतो. ते पाहत ती म्हणाली, "हारणाराबी उठते बरं वहिनी इथं." मी म्हटलं, चहा थंड होतोय.

जानेवारीत एकदा ती डावा दंड चोळत स्वयंपाकघरात आली.

"हात दुखून राह्यला."

"कुठे?"

"खांद्यापासून खालपर्यंत. ढाल धरून धरून झालं असन."

आम्ही दोघी हसलो. मी दुकानातून दुखण्यावरची मलमाची ट्यूब आणून दिली, मनगटाला क्रेप बँडेज बांधलं. हृदयाच्या गोळ्यांच्या पट्ट्या मी रोज कापून देते. समोरच्या माणसाचा रंग, घाम, धाप पाहून "आधी डॉक्टरकडे जा" असं अनोळखी लोकांना मी कितीदा सांगितलं आहे. घरातल्या बाईचा डावा हात दुखत होता आणि मला टीव्हीवरचा ढोल्या दिसत होता.

आठ दिवसांनीही हात दुखायचा थांबेना तेव्हा मी चिडले. पन्नाशीकडे निघालेली बाई आणि पोराचे खेळ. तो सोमवार होता. कंट्रोलर शालीत गुंडाळून कपाटात टाकला, किल्ली कमरेला लावली. "रविवारपर्यंत हात लावायचा नाही." दिवसाचा तोच एक तास तिचा होता, हे मला माहीत होतं.

गुरुवारी जेवताना विचारलं, "हात कसा आहे?"

तिनं डावा हात डोक्याच्या वर नेऊन गरगर फिरवून दाखवला. "बरं हाय आता. एकदम बरं. द्या ना आता, वहिनी."

"रविवारी."

"तुमी तं तहसीलदारापेक्षा कडक झाल्या."

शुक्रवारी दुपारी साडेबाराला दुकानात फोन आला. एका गावच्या ग्रामपंचायतीत ती अर्ज तपासत बसली होती. शिपायाकडे पाणी मागितलं आणि टेबलावर डोकं टेकवलं. पाणी येईपर्यंत... डॉक्टर म्हणाले, हृदयानं काही आठवड्यांपासून इशारा दिला असणार, कुणाच्या लक्षात आलं नाही का?

पुण्यानुमोदनाच्या दिवशी, तिच्या नावानं वंदना आटोपल्यावर, तिच्या ऑफिसमधले लोक स्कूटी आणून सोडून गेले. मी डिकी उघडली. खाली बोंडांचा चुरा होता. त्यात मी दिलेली ट्यूब, शेपटापासून गुंडाळत आणून पार पिळलेली. शिवाय आणखी दोन ट्यूबा. त्या माझ्या दुकानातल्या नव्हत्या. भातकुलीतून घेतल्या होत्या, म्हणजे मला कळू नये. हात दुखतो म्हटलं असतं तर रविवारीही कंट्रोलर मिळाला नसता.

आमचे हे म्हणतात, तुला कसं कळणार होतं? मला कळायला हवं होतं. माझा धंदाच तो आहे. यावर मला कुणाकडून समजूत नको आहे.

त्या ११ मार्चच्या रविवारी स्वेटर तसेच बाजेवर ठेवून मी यंत्र सुरू केलं. ढोल्या घेतला. डाव्या बोटाखालचं बटण दाबून धरलं आणि अर्धा तास सोडलं नाही. फेरीमागून फेरी हरत गेले. बोटाचं पेर दुखलं. मनगट जरा अवघडलं. दंड नाही दुखला. खांदा तर मुळीच नाही.

कंट्रोलर टीव्हीपाशी, तिच्या जागेवर ठेवला. कपाटाला किल्ली लावली नाही.

सोमवारी सकाळी साडेनऊला दुकान उघडलं. पहिलं गिऱ्हाईक पन्नाशीचं, सदऱ्याला शेतातला केरकचरा चिकटलेला. "बाई, हात दुखाचं मलम द्या."

"कोणता हात?"

"डावा. कपाशीच्या पऱ्हाट्या उपटून राह्यलो ना आठ दिवसांपासून."

मी म्हटलं, दादा, मलम देत नाही. इथून सरळ सरकारी दवाखान्यात जा, छातीची पट्टी, ईसीजी, काढा, आत्ता. त्यानं माझ्याकडे पाहिलं. "मलम मांगतलं तं छातीचं काहून सांगून राह्यल्या?" असं म्हणून तो रस्ता ओलांडून समोरच्या दुकानात गेला. ट्यूब खिशात घालून बाहेर आला आणि कुणाच्या तरी मोटरसायकलवर मागे बसला. मी पायरीवर येऊन जोरात हाक मारली. गाडी सुटली होती. त्यानं मागे वळून डावा हात डोक्याच्या वर नेला आणि बरं आहे, बरं आहे, असा हलवून दाखवला.