विजेच्या नावेचं तोंडी इंजिन

आमच्या वैनगंगेकाठच्या गावात डिझेलचा सर्वांत कट्टर शत्रू म्हणजे मास्तर, आणि तोंडानं डिझेल इंजिनाचा आवाज काढत नदी ओलांडणारा माणूसही मास्तरच. शाळेशी त्यांचा काडीचा संबंध नव्हता. जवाहरनगरच्या कारखान्यातून वायरमन म्हणून निवृत्त झाले, गावी परतले आणि दिसेल त्याला शिकवू लागले, म्हणून मास्तर.

नाववाल्यांच्या ते हात धुऊन मागं लागले होते. "इंजिन काढा, बॅटरीची मोटर लावा," हा एकच जप. कोणाकडे मासोळीचा रस्सा वाढला, की नदीतल्या डिझेलचा वास आल्यासारखं नाक मुरडून पहिल्या घासाला विचारायचे, "मासोळी खाऊन राहिलो का कंदील?" घरची बाई बिचारी ओशाळायची. हे मात्र रस्सा दोनदा मागून घ्यायचे.

शेवटी सुभद्राबाई तयार झाली. पैलतीरावर माणसं नेणाऱ्या नावेवरच तिचं घर चालायचं. तिनं इंजिन विकून मोटर बसवली. पलीकडच्या शाळेत शिकवायला मी रोज तिच्याच नावेनं जायचो. पहिल्या दिवशी नाव इतकी गुपचूप चालली, की मास्तरांच्या डोळ्यांत पाणी आलं. पलीकडे पोचलो, तर घाटावर चिटपाखरू नाही. तिकडचं गाव वर्षानुवर्षं इंजिनाची डुगडुग ऐकून घराबाहेर पडायचं. आता नाव कधी आली, कधी गेली, कोणाला कळेचना. मास्तरांनी भोंगा लावून पाहिला, तर लेकरं कुल्फी घ्यायला धावत आली.

आठवड्यानं सुभद्राबाई म्हणाली, "मास्तर, रिकामी नाव हाकून पोट भरते का? इंजिन परत आणा लागते आता."

"थांब. आवाजच पायजे ना तुले?"

दुसऱ्या दिवशी मास्तर नावेच्या टोकाला बसले आणि नदीच्या मध्यावर तोंडानं "डुग-डुग-डुग" सुरू केलं. इंजिनाचा खोकलासुद्धा सोडला नाही. घाट भरून गेला. हे पाहून उरलेल्या तिघा नाववाल्यांनी अट घातली, "मोटर लावतो, पण संगं मास्तर पायजे."

दोन महिन्यांत घसा बसला. भंडाऱ्याच्या डॉक्टरनं महिनाभर तोंड उघडायचं नाही असं बजावलं. दुसऱ्या सकाळी मास्तर मुकाट्यानं नावेत बसले. मी मनात म्हटलं, संपलं, इंजिन परत आलं. पण पैलतीरी अख्खं गाव उभं! बायकांनी पदर डोळ्यांना लावलेले. वेळ झाली तरी आवाज नाही, म्हणजे मास्तर गेले, असं समजून सगळे धावत आले होते.

सुभद्राबाई कडाडली, "वेळ झालेली समजते ना तुमाले? मंग त्या माणसाचा गळा कायले फोडता?"

त्या दिवसापासून लोक वेळेवर येऊ लागले. उरलेल्या तिघांनीही मोटरी बसवल्या. महिन्यानं मास्तरांचा आवाज परतला, तेव्हा त्याची कोणालाच गरज उरली नव्हती. मास्तर जिंकले होते आणि पार कोमेजले होते. "आयक, कशी चालून राहिली," मला म्हणायचे, आणि ऐकायला काहीच नसायचं. मला फार वाईट वाटे.

एका सकाळी अर्ध्या नदीत सुभद्राबाईनं कपाळाला हात लावून पलीकडे पाहिलं. "मास्तर, घाटावर कोणी दिसत नाही जी. जरा आवाज द्या."

घाटावर वीस-पंचवीस माणसं उभी होती. मास्तरांनीही ती पाहिली, आणि घसा खाकरला.