आवडाबाईच्या गोष्टीचा शेवट

खोपकर मास्तर माझे धाकटे दीर. घरातल्या माणसाविषयी चारचौघांत बोलू नये म्हणतात. पण त्यांच्या नावावर छापलेलं गोष्टीचं पुस्तक आज ठाण्यात घरोघरी आहे, आणि ज्या बाईची ती गोष्ट, तिचं नाव त्यात औषधालाही नाही. म्हणून आवडाबाईविषयी मीच लिहिते. भाऊजींना राग आला तर येऊ दे.

आवडाबाई खाडीकाठच्या मिठागरात राबायची आणि आळीत मीठ विकायची. नवरा तापानं गेलेला, पदरात एकच मुलगी, तुळसा. अक्षराशी दोघींची ओळख नव्हती. पण संध्याकाळी घरी परतताना ती आमच्या पायरीवर टेकली की पोरं तिच्याभोवती गराडा घालायची. दिवा लागला की ती स्वतः रचलेली गोष्ट सांगायची.

गोष्ट होती मिठागरातल्या एका पोरीची. पोर सारखी विचारायची, पाणी खारट का, ओहोटीला ते जातं कुठं. कुणी सांगेना, तेव्हा ती ओहोटीबरोबरच निघाली आणि खाडीखालच्या मुलखात पोचली. तिथल्या दारांना कडी नाही, कुलूप नाही. प्रश्न विचारला की दार उघडायचं. तिथल्या राजाला सगळंच ठाऊक, त्यामुळे तो कधी काही विचारायचा नाही आणि आपल्याच खोलीत कोंडून पडलेला. पोरीनं त्याला विचारलं, तुला ठाऊक नाही असं काय आहे? राजा बुचकळ्यात पडला, आणि त्याचंही दार उघडलं. शेवटच्या दाराशी राखणदार म्हणायचा, आता घरी जा, नाहीतर आणखी एक विचार. पोर आणखी एक विचारायची. "मग कुठं गेली?" आमची पोरं म्हणायची. "पुढं गेली. तुमी पन जा," आवडाबाई सांगायची. मला तो शेवट फार आवडायचा.

भाऊजी मुलींच्या शाळेत मास्तर होते. त्यांनी एकदा ही गोष्ट ऐकली आणि म्हणाले, "आवडाबाई, शब्द न् शब्द उतरवून घेतो. त्याच्या बदल्यात तुळसाला वाचायला शिकवतो." बाई लगेच कबूल झाली. तिला आणखी काय हवं होतं? पण दिव्याच्या उजेडात भाऊजींना लिहवेना, ते दिवसा सांग म्हणाले. दिवसा गोष्ट सांगितली की मामा वाट चुकतो, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. आवडाबाईचा एकुलता एक भाऊ तेव्हा गलबतावर होता. तरी ती लेकीसाठी बसली. दुसरी अडचण हुंकाराची. समोरच्यानं हूं म्हटल्याशिवाय तिची गोष्ट पुढं सरकायची नाही, आणि भाऊजींचं सगळं लक्ष कागदाकडे. मग तुळसाला समोर बसवलं. भर दुपारी ओटीवर आई सांगायची, लेक हूं म्हणायची, आणि मी आत तांदूळ निवडत ऐकायची.

शिकवण्याचा शब्द भाऊजींनी पाळला, ते मी नाकारत नाही. तुळसा भराभर वाचू लागली. आवडाबाईला कोण अभिमान! मला म्हणायची, "ही समद्यांना इचारील बगा. माज्यासारकी गप नाय बसायची."

पुस्तक छापून आलं तेव्हा भाऊजींनी तुळसाकडूनच ते ओटीवर मोठ्यानं वाचवून घेतलं. आवडाबाई ठेवणीतलं लुगडं नेसून आली होती. दारं, राजा, सगळं जिथल्या तिथं होतं. शेवटच्या दाराशी मात्र राखणदार म्हणाला, फार विचारतेस, आणि पोरीची वाचाच गेली. ती रडत घरी आली, घरकाम शिकली आणि चांगल्या घरी पडली. खाली बोध: मुलींनी फार चौकशा करू नयेत. मुकी सून मिळाल्यावर सासरचे खूश होणारच, त्यात नवल ते काय.

"मास्तर, ही माजी पोर नाय," आवडाबाई म्हणाली. "माजी पुढं गेली."

"तुझ्या ध्यानात नसेल. तू सांगितलंस तसंच मी लिहिलं."

मी दाराआडून म्हटलं, "भाऊजी, मीही ऐकलंय. ती पुढंच जाते."

"वहिनी, तुम्ही आत होता. हुंकार द्यायला तुळसा होती. तिलाच विचारू."

बोधाशिवाय पुस्तक शाळेत लागत नाही, हे भाऊजींना पक्कं ठाऊक होतं. आणि शाळेत धाकट्या मुलींना शिकवायची जागा ते आपल्याला मिळवून देणार, हे तुळसाला ठाऊक होतं. तिनं आईकडे पाहिलं, मग पुस्तकाकडे. "पुस्तकात आहे तसंच आईनं सांगितलं होतं," ती शुद्ध भाषेत म्हणाली.

आवडाबाई उठून गेली. भाऊजींनी गोष्ट पळवली, त्याचा मला संताप आला. पण तुळसाचं ते वाक्य मला त्याहून लागलं. पुढच्या महिन्यात आवडाबाईचा भाऊ सुखरूप परतला. वाट चुकली ती भाची.

तुळसाला जागा मिळाली आणि ती शाळेजवळ राहायला गेली. आवडाबाई मीठ घालायला यायची, पण पायरीवर कधी टेकली नाही. पोरांनी गोष्ट मागितली की "मना येत नाय" म्हणून टोपली उचलायची. अशी कितीतरी वर्षं गेली.

परवा माझी नात नीला शाळेतून रडत आली. आवडाबाई मागच्या दारी मीठ मापत होती.

"तुळसाबाईंनी मला भिंतीकडे तोंड करून उभं केलं," नीला म्हणाली. "फार चौकशा करू नयेत म्हणाल्या."

"तू विचारलंस तरी काय?" मी म्हटलं.

"एवढंच, की त्या मुलीची वाचा गेली तेव्हा तिच्या आईनं काहीच केलं नाही का?"

मी आवडाबाईकडे पाहिलं. तिनं माप खाली ठेवलं आणि नीलाला जवळ ओढून तिचे डोळे पुसले.

"केलं ना, बाय," ती म्हणाली. "आयशीनंच धाडली तिला मास्तराकडं."